लोणारचे शेवाळ आणि कोंबडीचे खाद्य

कोंबडीच्या खाद्यात मका ऊर्जा पुरवतो आणि सोयापेंड, म्हणजे सोयाबीनमधील तेल काढून घेतल्यावर उरणारा चोथा, प्रथिने पुरवते. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरच्या बाजारात सोयाबीन तेजीत आले की शेतकरी सुखावतो, पण कुक्कुटपालक अडचणीत येतो. २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीनचा भाव क्विंटलमागे १० हजार रुपयांच्या घरात गेला, तेव्हा केंद्र सरकारला जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्याची मुभा द्यावी लागली. पेंडीला पर्याय शोधणाऱ्यांचे लक्ष अशा वेळी शेवाळाकडे, विशेषतः स्पिरुलिनाकडे, वळते.

स्पिरुलिना बुलढाणा जिल्ह्याला परकी नाही. उल्काघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता दाखवणारा निर्देशांक, १० च्या आसपास असतो, आणि इतर बहुतेक शेवाळांना न सोसणाऱ्या या खाऱ्या पाण्यात ही सूक्ष्म, मळसूत्री नीलहरित वनस्पती, काटेकोरपणे पाहता प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू, शतकानुशतके फोफावत आली आहे. अकबराच्या काळातील ऐन-ई-अकबरी या ग्रंथाने लोणारची दखल घेतली ती काच व साबण यांना लागणाऱ्या क्षारांसाठी. त्याच क्षारांवर पोसलेल्या या सजीवाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. सरोवर अभयारण्य व रामसर स्थळ असल्याने तेथून शेवाळ उपसणे सर्वथा अयोग्य ठरेल, आणि त्याची गरजही नाही, कारण खाण्याचा सोडा घातलेल्या उथळ हौदात ते वाढवता येते.

वाळवलेल्या स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात, तर सोयापेंडीत ४४ ते ४८. हे आकडे आज नवा शोध म्हणून मिरवले जातात, याचे वाईट वाटते. कारण म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील एल. व्ही. वेंकटरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हात वाळवलेली स्पिरुलिना १४ व १७ टक्के प्रमाणात पिलांना खाऊ घालून, ती मासळीच्या भुकटीची किंवा शेंगदाणा पेंडीची जागा घेऊ शकते, हे १९९४ मध्येच प्रसिद्ध केले होते. एवढ्या मोलाच्या कामाचा उल्लेखही सहसा होत नाही.

तथापि प्रमाण वाढवत नेल्यास अडचण उभी राहते. स्पिरुलिनाची काही प्रथिने पचनात न विरघळता आतड्यातील द्रव पेजेसारखा दाट करतात, त्यामुळे इतर पोषकद्रव्यांचे शोषण मंदावते. शिवाय लायसिन हे पिलाच्या वाढीस अत्यावश्यक अमिनो आम्ल तिच्या प्रथिनांत सोयाच्या तुलनेने कमी असते. म्हणून सोयापेंड पूर्णपणे हटवण्याचे दावे स्वीकारण्याजोगे नाहीत.

खरा अडसर खर्चाचा आहे. हौदातील लिटरभर पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम कोरडे शेवाळ धरले, तर एक किलो भुकटीसाठी २,००० लिटर पाणी बारीक कापडातून गाळावे लागते, आणि ते पाणी हौदात परत सोडता येत असले तरी गाळणे, पिळणे व वाळवणे यांचा खर्च प्रत्येक किलोवर चढतोच. मलकापूरचे ऊन वाळवण्यास उत्तम आणि ३५ ते ३७ अंश तापमान वाढीस पोषक. परंतु मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा हौदांवर सावली धरावी लागते व बाष्पीभवनाने उडालेले पाणी रोज भरावे लागते. या हिशेबात तूर्त टिकणारा उपयोग अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचा आहे, कारण त्यांच्या खाद्यात एक-दोन टक्के स्पिरुलिना मिसळली, तरी तिच्यातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे बलक गडद केशरी होतो.