थरथरणारं यंत्र आणि आजींचा तोल

मैत्रिणींनो, घरातलं म्हातारं माणूस पडलं की सगळं घरच आडवं होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, मग अंथरूण, आणि सगळी उस्तवार सुनेच्या गळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त.

यावर उपाय म्हणून हल्ली एक यंत्र विकलं जातं. वजनकाट्यासारखी पाटी असते, बटण दाबलं की ती थरथरते. वर नुसतं उभं राहायचं. आमच्या गोरेगावात एका आजींसाठी शहरातल्या मुलानं ते पाठवलं. दोन मिनिटं उभं राहून आजी मला म्हणाल्या, "माय, टेम्पोत बसल्यावाणी वाटतंय गं! यानं गुडघे चालतेत का?"

प्रश्न रास्त होता, म्हणून थोडी माहिती काढली. कल्पना जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या लक्षात आलं, की कंपवाताच्या रुग्णांना रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केल्यावर बरं वाटतं. मग त्यांनी हलणारी खुर्चीच करवून घेतली. आपल्याकडचे खड्डे पाहिले असते तर खुर्चीचा खर्च वाचला असता!

आताची यंत्रं साधारणपणे सेकंदाला २० ते ५० वेळा थरथरतात. दर हिसक्याला पायाचे स्नायू किंचित ताणले जातात आणि आपोआप आवळतात. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो ना, तसंच काहीसं. काही अभ्यासांत वृद्धांच्या पायांची ताकद आणि तोल थोडा सुधारलेला दिसला, काहींत फारसा फरक पडला नाही. हाडं बळकट होतात, असं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय हृदयात पेसमेकर, बदललेला गुडघा किंवा खुबा, नुकतंच झालेलं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, पायात रक्ताची गुठळी, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये.

मग बिनपैशाचं काय? तर व्यायाम. २०१९ साली १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २३ हजारांवर वृद्ध होते. व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम महत्त्वाचे ठरले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे यांच्या आधारानं म्हाताऱ्या, आजारी माणसांकडूनही आसनं करून घेतली. त्यांच्या संस्थेची इमारत १९७५ साली उभी राहिली. आधार घेऊन शरीर वळवायचं, ही वाट आपल्या मातीतलीच आहे.

आम्ही बायका गल्लीतल्या आजींकडून एवढंच करून घेतो : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठायचं-बसायचं. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. मग एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. शेवटी भिंतीच्या कडेनं पावलाला पाऊल लावून चालायचं. शेजारी कुणीतरी हवंच. चक्कर आली, छातीत दुखलं की लगेच थांबायचं.

आणि घरही बघा. मोरीतलं शेवाळ, निसटत्या सपाता, रात्रीचा अंधार, उंबऱ्याजवळचं पायपुसणं, यांनीच घात होतो. बीपीच्या गोळीनंतर गरगरत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.

जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बाईला आपण मायेनं म्हणतो, "आई, आता तुम्ही नुसत्या बसा." पण नुसतं बसल्यानंच पायातलं बळ जातं. शेंगा निवडायच्या आहेत? निवडू द्या. देवळापर्यंत जायचंय? सोबत जा. यंत्र घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा, पण सासूबाईंना खुर्चीवरून उठायला-बसायला आज संध्याकाळीच लावा. अन् त्यांच्यासोबत तुम्हीही करा, चाळिशी आपलीही उलटलीय!