क्रीम की ग्रे?

रंगारी शेडकार्ड हातात देतो आणि घरात दोन तट पडतात. हल्ली हा वाद बहुधा क्रीम आणि फिकट ग्रे यांच्यात असतो. कार्डावरच्या बोटभर चौकोनाकडे बघून तो मिटणार नाही, कारण खोलीत येणारा उजेड दोन्ही रंगांना बदलून टाकतो.

खिडकी उत्तरेला असेल तर वर्षातला बहुतेक काळ ऊन थेट आत येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात ग्रे आणखी निळा पडतो आणि श्रावणातल्या ढगाळ दुपारी खोली अगदी उदास वाटू लागते. क्रीममधली पिवळी झाक तो निळेपणा सावरून घेते. पश्चिमेच्या खोलीत नेमकं उलटं होतं. चारनंतरचं तिरपं ऊन क्रीमला हळदीच्या वळणावर नेतं, तर ग्रे शांत राहतो.

रात्रीचा हिशोब वेगळा. २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब आणि ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा यांच्याखाली एकच भिंत दोन रंगांची दिसते. म्हणून आधी दिवे ठरवा, मग रंग.

शिवाय उजेड चारही भिंतींवर आपटत राहतो, त्यामुळे कार्डावरचा रंग खोलीत जास्त गडद भासतो. आवडलेल्या शेडहून एक पायरी फिकट घेतलेली बरी.

नमुना जुन्या भिंतीवर मारून बघण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती सोडायला हवी. शेजारचा रंग डोळ्यांना फसवतो, हे पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेतले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली ग्रंथ लिहून दाखवून दिलं. जुन्या हिरव्या भिंतीवरचा ग्रे गुलाबीसर दिसतो, तो यामुळेच. त्यापेक्षा दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर, कडा कोऱ्या ठेवून, रंगाचे दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग खरा नसतो. मग तो पुठ्ठा प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर बघा. सोफ्याजवळ आणि फरशीलगतही धरून बघा.

माझं मत विचाराल तर समोर इमारत उभी असलेल्या, कमी उजेडाच्या खोलीला क्रीमच द्यावा. ग्रे पश्चिमेच्या, भरपूर उन्हाच्या खोलीला शोभतो. पण डबा सांगण्याआधी पुठ्ठा जरूर रंगवा. मशीनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.