बायपासनंतर पुन्हा मैदानाकडे

बायपास होऊन घरचा कर्ता पुरुष परतला की साऱ्या घराचा दिनक्रम त्याच्या पलंगाभोवती फिरू लागतो. पाण्याचा पेला हातात येतो, जिना वर्ज्य होतो, दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे जातात. भेटीस येणारा प्रत्येक आप्त ‘आता फक्त आराम करा’ एवढेच सांगून जातो. या सांगण्यामागे माया असते, तशी भीतीही असते, आणि ती भीती रुग्णाच्या मनात घर करते. रोज पहाटे बॅडमिंटन खेळणारा माणूस तीन महिन्यांनंतरही व्हरांड्यापलीकडे जात नाही. जखम भरलेली असते, पण माणूस उठत नाही.

आरामाची ही कल्पना मुळात वैद्यकशास्त्राचीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांस लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेही धाडसच होते. पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांची क्षमता मोजण्यात आली. ती पाव हिश्श्याहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वाढत्या वयाने तीस वर्षांत जितकी क्षमता हिरावली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांनी हिरावली होती! विशीतल्या निरोगी तरुणांची ही गत, तर साठीतल्या रुग्णाला बिछाना काय देणार?

शिवाय बायपास म्हणजे अडलेल्या वाटेला काढलेली वळणवाट. रक्तवाहिन्यांत चरबी साचविणारा मूळ विकार त्याने नाहीसा होत नाही. म्हणून नियमित व्यायाम ही शस्त्रक्रियेनंतरची हौस नसून उपचाराचाच भाग आहे, आणि त्याचा आरंभ रुग्णालयातच होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला खोलीत चालवितात. घरी आल्यावर सपाट जागी पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा चालावे आणि दर काही दिवसांनी थोडी भर घालावी. बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत सलग अर्धा तास चालणे जमू लागते.

खरी जपणूक लागते ती छातीच्या मधल्या हाडाला. शस्त्रक्रियेसाठी ते उभे कापून पुढे पोलादी तारांनी बांधलेले असते. ते सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पुरते बळकट व्हायला सुमारे तीन महिने लागतात. व्यापारी घरात या हाडाला धोका व्यायामापेक्षा नित्याच्या सवयींचाच अधिक. दुकानाचे शटर दोन्ही हातांनी ओढणे, कापडाचे ठाण वरच्या फळीवरून काढणे, पोते सरकविणे या कामांत छातीवर ताण येतोच, शिवाय श्वास रोखला गेल्याने रक्तदाबही उसळतो. गादीवरून हातांवर भार देऊन उठणे हेही तसेच. सामायिक-प्रतिक्रमणातील उठबस तोवर खुर्चीवर बसून करावी, वंदनेत मस्तक लवविणे पुरे. छातीत हाडाचा ‘कट्’ असा आवाज जाणवला, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला, तर वाट न पाहता शल्यविशारदास दाखवावे.

किती चालावे, याचे उत्तर नाडीवरून काढण्याची अनेकांना सवय असते. तथापि हृदयाची गती मर्यादित ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी वाढतच नाही आणि माणूस फसतो. त्यापेक्षा चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही साधी कसोटी बरी. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. छातीत दाब, घेरी वा धडधड जाणवली तर थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे; दाब थांबूनही न ओसरल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी मात्र एकदम थांबू नये. शेवटची पाच मिनिटे संथ चालावे, नाहीतर रक्त पायांत साचून चक्कर येते.

चौविहार पाळणाऱ्या घरांना एक सोय आपोआप लाभते. सूर्यास्तापूर्वी भोजन झाल्याने मधे तास-दीड तास सोडूनही फिरायला संध्याकाळ मोकळी राहते. उपवासाच्या दिवशी मात्र व्यायाम बेताचा असावा. लघवी वाढविणारी गोळी चालू असताना निर्जल उपवास करून चालायला निघणे घातक ठरू शकते. तपापूर्वी डॉक्टरांशी बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

खेळाकडे परतता येते का? नायजेरियाचा फुटबॉलपटू न्वान्क्वो कानू १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून इटलीतील इंटर मिलान संघात दाखल झाला. तेथील तपासणीत त्याच्या महाधमनीच्या झडपेत दोष आढळला. वय अवघे वीस. कारकीर्द संपली असेच बोलले गेले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली, पुढच्या एप्रिलमध्ये तो संघाकडे परतला आणि १९९९ मध्ये आर्सेनलकडून खेळू लागला. हृदयरोगी मुलांच्या उपचारांसाठी २००० साली त्याने संस्थाही उभारली. त्याचे वय आणि त्याच्यामागची वैद्यकांची फौज साठीच्या दुकानदाराकडे नसते, हे खरे. पण साठीच्या दुकानदारालाही कोठे विश्वचषक खेळायचा असतो?

साधारण तीन महिन्यांनी, हाड सांधल्याची खात्री आणि ट्रेडमिल चाचणी झाल्यावर, डॉक्टर बॅडमिंटनची परवानगी देऊ शकतात. कृत्रिम झडपेमुळे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्यांनी मात्र धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत. परतल्यावर एकेरी नको, दुहेरी खेळावी. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे, पहिल्या दिवशी एकच गेम, तोही गुण न मोजता. जोडीदार जुना असावा, आणि शस्त्रक्रियेची त्याला पूर्ण माहिती असावी. घरच्यांपैकी कोणी सोबत आले तर बाकावर बसून पाहावे; दर फटक्याला ‘पुरे’ म्हणून ओरडू नये.