डावीकडे हजेरी, उजवीकडे खर्च

पगारानंतरची पहिली सुट्टी हिशोबाची, असा निघोजेतल्या त्या खोलीचा नियम आहे. पत्र्याची खोली, पाच जण, एक शेगडी आणि खिळ्याला दोरीने टांगलेली दोनशे पानी वही. मुलं लातूर, हिंगोली, बुलढाण्याकडची, चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामावर. गावाच्या शिवारात महिंद्राचा कारखाना 2010 मध्ये सुरू झाला, आजूबाजूला सुटे भाग करणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि इंद्रायणीच्या या काठाला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका रांगेतली ही खोली. वही लिहिणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. मी दोन महिने त्यांच्या हिशोबाला बसलो.

वहीचा महिना 1 तारखेला सुरू होत नाही, 10 तारखेला होतो, कारण पगार तेव्हा येतो. आधी कॅलेंडरप्रमाणे लिहायचे, तेव्हा महिन्याचे पहिले नऊ दिवस कायम उधारीत दिसायचे आणि उधारी नेमकी कोणत्या महिन्याची यावर वाद व्हायचा. तारीख बदलली, वाद मिटला.

आधी खोलीचा खर्च. किराणा, भाजी, दूध, गॅस जो आणेल त्याने त्याच रात्री आपल्या नावाखाली लिहायचं. मी बसलो त्यातल्या एका महिन्याची बेरीज आली 11,340 रुपये. याला सरळ पाचाने भागत नाहीत. कोण किती दिवस खोलीवर जेवला ते मोजतात: दोघे 31 दिवस, एक 28, एक 24 आणि एक फक्त 12. एकूण 126 दिवस. भागाकार 90 रुपये रोज. म्हणजे 31 दिवसवाल्याचे 2,790, बारा दिवसवाल्याचे 1,080. 31 दिवसवाल्यांपैकी ज्याने किराण्यावर आधीच 4,100 घातले होते त्याला 1,310 परत मिळाले. भाडं मात्र सारखं वाटतात, प्रत्येकी 1,200. “माणूस गावी गेला तरी त्याची जागा इथंच राहते ना, दादा,” मास्तर म्हणाला. पाच जणांत भांडण न होता वर्ष निघतं ते या भागाकारामुळे, असं माझं मत झालं.

यानंतर प्रत्येकाची स्वतःची पानं. उजव्या पानावर खर्च आणि डाव्या पानावर हजेरी. मला या वहीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही डावी बाजू वाटली. अंदाजपत्रकाचे सगळे धडे ठरलेला पगार गृहीत धरतात. इथे पगारच ठरलेला नाही. एका मुलाची पगारस्लिप समोर होती. 26 हजेऱ्यांचे एकूण 17,000. त्यातून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या 12,500 वर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,500, कामगार विम्याचे (ईएसआय) 0.75 टक्के म्हणजे 128, व्यवसायकर 200. हातात 15,172. फेब्रुवारीत व्यवसायकर 300 असतो, तेव्हा आणखी शंभर कमी. आणि एक खाडा पडला की साडेसहाशेच्या वर जातात. त्यात कधी लाइन बंद, कधी ओव्हरटाइम.

म्हणून मास्तर बजेट 26 वर मांडत नाही, 24 हजेऱ्यांवर मांडतो. ओव्हरटाइम शून्य. हातात 14,000 येतील असं धरायचं. त्यातून गावाकडे 5,000, भाडं 1,200, जेवण 2,700, मोबाइलचा हप्ता 1,450. उरतात 3,650. त्यात प्रवास, रिचार्ज, औषध, कपडे आणि पोस्टातली 1,000 रुपयांची आवर्ती ठेव. ओव्हरटाइमचे पैसे आले तर ते वेगळ्या ओळीत जातात आणि त्यातून आधी उसने फिटतात. ओव्हरटाइम धरून हप्ता घ्यायचा नाही, यावर मास्तर फार कडक आहे. त्याने स्वतः एकदा गाडी तशी घेतली होती, चौथ्या महिन्यात काम मंदावलं आणि तीन हप्ते थकले.

पैसे मोबाइलवरून जातात, तिथे सगळं दिसतंच, मग लिहायचं कशाला, असं मी विचारलं. एकाने लगेच फोन उघडून दाखवला. दुकानदाराचं नाव, 340 रुपये. पण ते खोलीच्या तेलाचे की स्वतःच्या साबणाचे, हे त्यालाही आठवेना.

बारा दिवसवाला मुलगा वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावी गेला होता. त्या महिन्यात त्याच्या दहाच हजेऱ्या भरल्या. येणं-देणं लिहायच्या पानावर त्याच्या नावे 3,000 उसने चढले, तारखेसह, खाली त्याची सही. सही करताना तो अवघडला नाही. लिहिलेलं देणं मनात कुरतडत नाही, हे मी तिथे पाहिलं.

डावी बाजू आणखी एका कामाला येते. एका महिन्यात स्लिपवर 23 हजेऱ्या लागल्या होत्या, वहीत 25. मुलगा तारखा घेऊन सुपरवायझरकडे गेला, पुढच्या पगारात दोन दिवस मिळाले. ‘माझे दोन दिवस कमी आहेत’ एवढंच सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते इथे काम केलेल्या कुणालाही विचारा. शिवाय ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता मिळायला आधीच्या सहा महिन्यांच्या ठरलेल्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ते दिवस मोजायला आपल्याजवळ काही हवं.

शेवटच्या पानावर पीएफचा यूएएन क्रमांक, प्रत्येक ठेकेदाराचं नाव, लागल्याची आणि सुटल्याची तारीख. ठेकेदार बदलला की त्याच यूएएनखाली पीएफचं नवीन खातं उघडतं. मागचे पैसे नव्या खात्यात आले का, हे स्वतः पासबुकात पाहावं लागतं. खोलीतल्या दोघांना जुन्या ठेकेदाराकडचे पैसे मागेच राहिल्याचं हे पान लिहिताना कळलं.

महाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांत राहणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: खर्च लिहायचा कंटाळा येत असेल तर तो नंतर सुरू करा. हजेरी मात्र आज रात्रीपासून लिहा, तारीख आणि शिफ्टसह.