तिथि पाहून अलिबागला

गिरगांवांतील चाळींत काय किंवा दादर-परळच्या उंच इमारतींत काय, दोन दिवसांच्या सहलीचा बेत ठरतो तो बहुधा एकाच गोष्टीवरून : कचेरीला सुटी कधीं आहे? शनिवार-रविवार मोकळे मिळाले, मुलांची परीक्षा आटोपली, राहण्याची सोय झाली, कीं अलिबागचीं तिकिटें काढलीं जातात. या सगळ्या घाईंत एका यजमानाची संमति घ्यावयाची मात्र राहून जाते. तो यजमान म्हणजे दर्या. त्याला रविवार ठाऊक नाहीं. त्याचें वेळापत्रक चंद्राच्या हातीं आहे. वाळूंत बसून नारळपाणी पिण्यापुरतें जे जातात त्यांचें यानें कांहीं अडत नाहीं. परंतु ज्यांना किनाऱ्यानें चालावयाचें आहे, पोहावयाचें आहे, पायीं किल्ल्यांत जावयाचें आहे, अशा हिंडत्या-फिरत्या मंडळींनीं सुटीच्या अर्जाआधीं भिंतीवरचें पंचांग पाहिलें पाहिजे. चतुर्थीचा शनिवार आणि अष्टमीचा शनिवार हे अलिबागला दोन निराळे शनिवार असतात.

कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळी आणि खलाशी भरतीचा हिशेब तोंडीं करतात. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जें उत्तर येईल तितक्या वाजतां, दिवसा आणि रात्रीं, पूर्ण भरती. त्यांत सहा तास मिळवावे किंवा वजा करावे, म्हणजे पूर्ण ओहोटीची वेळ निघते. चतुर्थी घेतली तर चाराची पाऊणपट तीन; भरती दुपारीं ३ वाजतां, ओहोटी सकाळीं ९ वाजतां. अष्टमीला भरती सहा वाजतां आणि ओहोटी ऐन बारा वाजतां. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत तीच. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असें मोजावयाचें.

हा ठोकताळा म्हणजे अडाण्याची समजूत नव्हे. चंद्राच्या ३० तिथि पुऱ्या होईपर्यंत भरतीची वेळ घड्याळाची २४ तासांची एक फेरी पुरी करते. अर्थात् एका तिथीमागें भरती ४८ मिनिटें, जुन्या भाषेंत बरोबर दोन घटका, उशिरां येते. तोंडी गुणाकार सोपा व्हावा म्हणून दोन घटकांचा पाऊण तास करण्यांत आला. दर तिथीस तीन मिनिटें गिळलीं गेलीं. म्हणून पौर्णिमेस हिशेबानें सव्वाअकरा येतात आणि समुद्र मात्र बाराच्या सुमारास भरतो. एवढी तफावत ध्यानांत ठेवली तर बेत आंखण्यापुरती ही पाऊणपट पुरते. मिनिटांचा हिशेब हवा असेल त्यानें भारतीय सर्वेक्षण विभागाचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें पाहावीं. त्यांत मुंबईच्या अपोलो बंदराच्या वेळा दिलेल्या असतात आणि अलिबागच्या वेळांत त्याहून फारसा फरक पडत नाहीं.

वेळेइतकेंच महत्त्व पाण्याच्या चढ-उताराला आहे. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते व उधाण होतें. अष्टमीच्या आसपास या दोन ओढी एकमेकींना काटकोनांत छेदतात आणि समुद्र जणुं आळसावतो. तिला कोळी लोक भांगाची भरती म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणांत पाणी साडेतीन-चार मीटर चढतें-उतरतें, भांगांत दीड मीटरच्या आसपास. भांगांत पाणी फार चढत नाहीं हें खरें, पण तें फार उतरतही नाहीं. आणि अलिबागच्या प्रवाशाला नेमकी हीच गोष्ट नडते.

कारण अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रांत आहे. ओहोटीला किनाऱ्यापासून मैलभर ओल्या वाळूंतून आणि खडकांवरून चालत त्याच्या दरवाजाशीं जातां येतें. भरतीला तो चहूंकडून पाण्यानें वेढला जातो. शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं त्याचें बांधकाम सुरू केलें, संभाजी महाराजांच्या काळांत तें पुरें झालें आणि पुढें कान्होजी आंग्र्यांनीं त्याला मराठी आरमाराचें मुख्य ठाणें केलें. १७२९ सालीं कान्होजी वारले तोंपर्यंत मुंबईच्या इंग्रजांची झोप उडविणारीं गलबतें येथून निघत असत. तटाचे मोठमोठे चिरे चुन्यावांचून एकावर एक बसविलेले दिसतात. लाटेचें पाणी फटींतून शिरतें आणि तसेंच निघून जातें, त्यामुळें तिचा मार भिंतीवर सांठत नाहीं. आंत आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ आहे आणि भोंवतीं खारा समुद्र असूनही गोड्या पाण्याचा सांठा आहे. उत्तरेच्या तटावरील दोन तोफा मात्र मराठ्यांच्या नव्हेत. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचें नांव आणि १८४९ हें साल कोरलेलें आहे, म्हणजे आंग्र्यांचें राज्य खालसा झाल्यानंतरचें. मुलांना त्यांवर बसवून छायाचित्रें काढणारे वडील हें साल क्वचितच वाचतात.

पायीं जाण्यास उत्तम दिवस द्वितीया ते पंचमी. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकून असतो, म्हणून ओहोटीला पाणी चांगलें मागें हटतें. आणि ही ओहोटी सकाळीं साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते, म्हणजे उन्हाचाही त्रास नाहीं. अष्टमीला ओहोटी भर दुपारीं, तीही अर्धवट. वाट पाण्याखालींच राहावयाची. त्या दिवशीं किल्ला पाहावयाचा तर होडी किंवा घोडागाडी करावी लागते. ऐन पौर्णिमेला ओहोटी पहांटे आणि दिवेलागणीला. तिन्हीसांजेला वाळूंत शिरणें शहाणपणाचें नव्हे.

परतण्याची वेळ तर याहूनही काटेकोरपणें पाळली पाहिजे. भरतीचें पाणी सहा तास सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत पुन्हा तीन, मग दोन आणि शेवटीं एक. चार मीटरांच्या उधाणांत पहिल्या तासाला जेमतेम एक फूट पाणी वाढतें. माणूस म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या तासाला एक संबंध मीटर वाढतें आणि तोंवर मधल्या सखल भागांतून पाणी मागल्या बाजूनें येऊन वाट तुटलेली असते. यासाठीं ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधीं निघावें आणि पाणी फिरल्यावर तासाभरांत किनारा गांठावा. चतुर्थीच्या दिवशीं हा अवधि सकाळीं आठ ते दहा एवढा होतो. दोन तासांत जाणें-येणें धरून किल्ला घाईनेंच पाहून होतो, हें कबूल. पण आंत अडकलेल्या माणसाला पुढील ओहोटीपर्यंत समुद्राकडे पाहत बसावें लागतें, आणि जो तसा बसत नाहीं त्याची गोष्ट अधिक वाईट होते.

आतां मुंबईहून जावयाचें कसें? पेण-वडखळवरून मोटारीचा रस्ता आहेच. परंतु समुद्राकडे समुद्रावरूनच जाण्यांत अर्धी सहल आहे. गेटवेवरून मांडव्यास लाँची सुटतात आणि सुमारें तासाभराच्या प्रवासांत खांदेरी-उंदेरीच्या दिशेचें पाणी दिसूं लागतें. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी मोठी बोटही सुरू झाली. लालबाग-परळच्या तरुणांना ती विशेष सोयीची, कारण तींत सायकल घेऊन जातां येतें. मांडव्याहून अलिबाग सुमारें २० किलोमीटर. नारळी-पोफळींतून जाणारा हा रस्ता चढाचा नाहीं. सकाळच्या बोटीनें निघालेला सायकलस्वार जेवणवेळेपर्यंत, वाटेंत दोनदा चहा घेऊनही, अलिबागला पोंचतो.

पावसाळ्यांत मात्र गेटवेच्या लाँची बंद असतात आणि याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनीं १७ जुलै १९४७ हा दिवस आठवावा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या सकाळीं काशाच्या खडकाजवळ वादळांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आषाढाची अखेर होती. अमावास्येसाठीं घरीं निघालेले लोक होते. प्रवास फक्त खाडीपलीकडचा होता. नारळी पौर्णिमेपूर्वीं दर्यांत जाऊं नये हा संकेत कोळ्यांनीं उगाच पाळलेला नाहीं. सहलीचा खरा काळ दसऱ्यानंतर होळीपर्यंत.

पहिल्या दिवशीं दुपारीं भरती असेल तर किनाऱ्याऐवजीं डोंगर पाहावा. मापगांवाजवळ कनकेश्वराचा डोंगर आहे. आंग्र्यांच्या काळांतील सातशेंच्या वर दगडी पायऱ्या चढून गेलें कीं वर पुष्करिणी आणि शंकराचें जुनें देऊळ. जिना म्हणजे उद्वाहन हें समीकरण ज्यांच्या गुडघ्यांना संवयीचें झालें आहे त्यांनीं ही चढण उन्हें कलल्यावर, सावकाश करावी. वरून मुंबईचा समुद्र दिसतो तेव्हां श्रम विसरतात. किहीम वाटेवरच आहे. १९३० सालीं डॉ. सलीम अली यांनीं येथेंच सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि एक मोठी गैरसमजूत दूर झाली : घरटें विणणारी ‘सुगरण’ मादी नसून नर असतो. तो अर्धें घरटें विणून थांबतो, मादी येऊन तें पाहते, पसंत पडलें तरच पुढचें काम होतें; आणि एक संसार मार्गीं लागला कीं हे महाशय दुसरें घरटें आरंभतात. विणीचा हंगाम पावसाळ्याचा, तरी रिकामीं घरटीं हिवाळ्यांतही ताडांच्या झावळ्यांना लोंबतांना दिसतात.

पोहण्याबद्दल स्पष्ट बोलणें बरें. गिरगांव-दादरचे पुष्कळ पोहणारे तलावांत तरबेज झालेले असतात. तलावाचें पाणी माणसाला ओढीत नाहीं. ओहोटीचें पाणी ओढतें, आणि पोहणारा दमतो तो नेमका किनाऱ्याकडे परततांना. म्हणून उतरत्या पाण्यांत पोहूं नये. भरती पूर्ण होण्यापूर्वींच्या तास-दीड तासांत, छातीपेक्षां खोल न जातां, किनाऱ्याला समांतर पोहावें. अनोळखी खडकाजवळ आणि खाडीच्या तोंडाशीं तर मुळींच उतरूं नये. अलिबागच्या दक्षिणेस मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिवस स्वच्छ हिवाळ्याचा होता, पावसाळ्याचा नव्हे. शेजारच्या वाडींतील कोळ्याला ‘आज पाणी कसें आहे?’ असें विचारण्यास दोन मिनिटें लागतात, आणि तो उत्तर देतांना आढेवेढे घेत नाहीं.

ज्यांना पाण्याची हौस नाहीं त्यांना ओहोटी हीच पर्वणी. अलिबागची वाळू काळसर, बारीक आणि पाणी हटल्यावर इतकी घट्ट असते कीं तींवर सायकलचें चाक रुतत नाहीं. दक्षिणेस खाडी ओलांडली कीं अक्षी आणि तेथून सलग नागांवपर्यंत सुरूच्या बनाकडेनें दीर्घ चाल होते. हिवाळ्यांत उथळ पाण्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. अक्षीच्या शिलालेखाचें साल शं. गो. तुळपुळे यांनीं शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असें वाचलें. त्या वाचनानुसार सालाचा उल्लेख असलेला तो सर्वांत जुना मराठी लेख ठरतो. मराठी वाचणाऱ्या कुटुंबानें तेवढ्यासाठीं वाट वांकडी करावी. उन्हाळ्याच्या तोंडाशीं रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील. २०२२ मध्यें या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालें. चव गोडसर, आणि माळ सायकलच्या दांड्याला बांधूनही नेतां येते.

रविवारीं दुपारीं परतीच्या बोटीपूर्वीं तासभर उरला तर समुद्राजवळची चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी पाहावी. पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें पूर्वीं मुंबईंतच, दक्षिण टोंकाच्या कुलाब्यास होत असत. शहरांत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां तिच्या प्रवाहानें नाजूक यंत्रें बिघडतील म्हणून डॉ. नानाभाई मूस यांनीं नवी जागा शोधली. १९०४ सालीं अलिबागला वेधशाळा उभी राहिली, यंत्रांच्या खोल्या लोखंड टाळून बांधल्या गेल्या, आणि जुन्या-नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं वेध एकदमच घेण्यांत आले. १९०७ मध्यें मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. १९६४ सालीं ती बंद झाली. वेधशाळा अलिबागलाच राहिली आहे आणि तेथें नोंदी अजून घेतल्या जात आहेत.