रूपपालटाचे नियम

श्रोतेहो, मंत्र मारला आणि माणसाचा पोपट झाला, राजपुत्राचा बैल झाला, अशा गोष्टी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत. ऐकताना हा मंत्र चालतो कसा, असे कोणी विचारीत नाही. पण तोच मंत्र एखाद्या खेळात आणायचा म्हटले की नियम बांधावे लागतात. रूप किती वेळ बदलते? आतला माणूस तोच राहतो की नाही? परत कसे यायचे? या प्रश्नांची उत्तरे आपल्या रोजच्या व्यवहारालाही उपयोगी पडतील अशी आहेत, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. चार-सहा मंडळी एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीच्यांपैकी कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, आणि आपले पात्र आता काय करणार हे जो तो तोंडाने सांगतो. ते साधेल की फसेल, याचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. आपला सारीपाट आणि सोंगांचा खेळ एकत्र केला तर जे होईल, तसेच काहीसे हे आहे.

या खेळात ‘पॉलिमॉर्फ’ नावाचा रूपपालटाचा मंत्र आहे. त्यासाठी मांत्रिकाजवळ सुरवंटाचा कोश लागतो. सुरवंटाचे फुलपाखरू होते, हे त्यामागचे साधे कारण. २०१४ सालच्या नियमावलीप्रमाणे या मंत्राने माणसाचा पशू होतो, पण फार तर एक तास. तेवढा वेळ मांत्रिकाचे चित्त एकाग्र राहिले पाहिजे. ते ढळले की मंत्र सुटला. पशू झालेल्याला त्या पशूचे बळ मिळते आणि त्याची बुद्धीही पशूचीच होते. त्याला बोलता येत नाही. स्वभाव मात्र मूळचाच राहतो. त्या देहाची सहनशक्ती संपली की माणूस मूळ रूपात येतो, आणि शिल्लक राहिलेला मार त्या मूळ देहाला सोसावा लागतो. शेवटचा नियम ध्यानात ठेवा, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यावर मंत्र टाकला त्याची इच्छा नसेल, तर फासा टाकून तो मंत्र परतवण्याची संधी त्याला द्यावीच लागते.

आता आपल्याकडे वळू. मालू नरहरीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा झाला. खेडोपाडी आजही त्याचे पारायण होते. त्यात मच्छिंद्रनाथाच्या परकायाप्रवेशाची कथा आहे. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात. ते कायमचे नव्हे. बारा वर्षांची मुदत ठरलेली असते. स्वतःचा देह ते मागे ठेवतात आणि गोरक्षनाथाला त्याची राखण सांगतात. पुढे राणीला हा भेद कळतो, मूळ देहावर संकट येते, आणि गोरक्षनाथ मोठ्या कष्टाने तो सोडवून आणतो. म्हणजे इथेही मुदत आहे, परतीची वाट आहे, आणि ती वाट राखायला एक विश्वासाचा माणूस आहे.

मंत्र सोडून द्या. रूप बदलणारी माणसे आपण प्रत्यक्ष पाहिली आहेत. आमच्या विश्रांतवाडीवरून आषाढवारीला ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून पुण्याला जाते. वारीत भारूड करणारा बाप्या लुगडे नेसतो, कुंकू लावतो आणि घटकाभर बाई होतो. पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी सोंगे भारुडात आणली. गावोगाव फिरणारा बहुरूपी, ज्याला रायरंदही म्हणतात, तो आज मारुती होतो तर उद्या फौजदार. फौजदार होऊन दरडावतो, लोक क्षणभर दचकतात, मग हसतात आणि सुपातले धान्य त्याच्या झोळीत घालतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण त्याच्याइतकी कोणाला कळणार? १९५९ सालच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाऊन, नाचून, खेळ करून सार्वजनिक जागी दान मागणेही भीक मागण्यातच धरले. गावाच्या दृष्टीने जी कला होती, ती कागदावर गुन्हा झाली.

इथवर सांगितलेला रूपपालट हा रूप घेणाऱ्याने किंवा मांत्रिकाने केलेला होता. पण आणखी एक रूपपालट असतो. तो पाहणारे करतात, आणि त्याला नियम नसतो.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. तिथे १ जुलै २०१८ रोजी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. मारले गेलेले पाचजण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. म्हणजे मच्छिंद्र-गोरक्षांचे नाव घेत दारोदार फिरणाऱ्या परंपरेतले. त्यांनी कोणतेही सोंग घेतले नव्हते. सोंग त्यांच्यावर लादले गेले. भिक्षेकऱ्याचा चोर झाला, आणि त्या पाचांना परतीची वाट राहिली नाही. खेळातल्या पात्राला फासा टाकण्याची जी एक संधी मिळते, तीही त्यांना मिळाली नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत सोंगांचा खेळ अवश्य घ्या. एकाला अनोळखी पाहुणा करा, बाकीच्यांना गावकरी. गावकऱ्यांच्या कानात आधी एक खोटी अफवा सांगा आणि मग पाहुण्याला आत आणा. खेळ संपल्यावर पोरांना विचारा: तुम्ही त्याचे नाव विचारले का? गाव कोणते, कोणाच्या ओळखीने आला, हे विचारले का? की आधीच ठरवून मोकळे झालात?

आणि गावकरी मंडळींनो, वस्तीवर अनोळखी माणूस आला आणि शंका आली, तर त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, नाव-गाव विचारा आणि पोलीस पाटलांना बोलवा. एवढा वेळ त्याला मिळालाच पाहिजे.