हाफकिन, वॉल्डेमार मॉर्डेकाय
(१५ मार्च १८६०–२६ ऑक्टोबर १९३०). सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ. पटकी व प्लेग या रोगांवरील लशींसाठी प्रसिद्ध. त्यांचा जन्म ओडेसा (तेव्हा रशियन साम्राज्यात, आता युक्रेनमध्ये) येथे ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते मेक्निकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. ज्यू असल्यामुळे त्यांना प्राध्यापकपद मिळू शकत नव्हते व त्यासाठी धर्मांतर करण्यास त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनीव्हास व १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे त्यांना प्रथम साहाय्यक ग्रंथपालाचे काम मिळाले.

त्यांचे आरंभीचे संशोधन प्रजीवांवरील (एकपेशीय प्राण्यांवरील) होते. पॅरामिशियम या प्रजीवाच्या केंद्रकात वाढणाऱ्या तीन जीवोपजीवी जातींचे वर्णन त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले व त्यांच्या प्रजातीस होलोस्पोरा हे नाव दिले. यांपैकी एक जाती बृहत्‌केंद्रकात, तर दोन लघुकेंद्रकात राहतात. हे जीव सूक्ष्मजंतूच असल्याचे पुढे निश्चित झाले आणि प्रजातीचे नाव अद्यापि रूढ आहे. लशींच्या कीर्तीमुळे हे काम काहीसे मागे पडले.

पटकीवर लस टोचण्याचा प्रयोग स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ मध्येच केला होता. परंतु त्यांच्या लशीची उग्रता निश्चित नसे. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या उदरपोकळीतून दुसऱ्याच्या, असे क्रमाने नेऊन त्यांची उग्रता वाढविली व ती स्थिर केली. हेच जंतू ३९° से. तापमानात हवेच्या प्रवाहात वाढवून त्यांनी सौम्य लसही मिळविली. सौम्य लस आधी व उग्र लस काही दिवसांनी टोचावयाची, अशी ही पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना त्यांनी लस टोचली. नंतर तेथे १० जणांना पटकी झाली व ७ दगावले. ते सर्व लस न टोचलेल्यांपैकी होते. एकाच ठिकाणच्या टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना करण्यावर त्यांचा कटाक्ष असे.

ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या साथीमुळे त्यांना मुंबईस पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी मांसरसात प्लेगचे जंतू वाढविले. रसावर तूप किंवा खोबरेल तरंगत ठेवले की त्याखाली जंतूंची लोंबती वाढ होई. बाटली हलवून ती खाली पाडली की नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हा संवर्ध तापवून जंतू मारीत व त्यात कार्बॉलिक अम्ल घालीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही स्वतःस टोचून घेतली. लगेच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लशीने ताप व सूज येई आणि संरक्षण पूर्ण मिळत नसे. तथापि टोचलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटे. सरकारी प्लेगबंदोबस्तामुळे लोक बिथरले असताना तिसरे आगाखान यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली व खोजा समाजात तिचा प्रसार झाला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल (आता पाकिस्तानात) येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लस त्वरेने तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बॉलिक अम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. त्यावर बोट ठेवून चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेस दिला व त्यांना संचालकपद सोडावे लागले. वस्तुतः पुरावा निराळेच सांगत होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढले असते, तर तिला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी ती आली नव्हती. शिवाय ती उघडण्यापूर्वी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. रॉनल्ड रॉस प्रभृती दहा सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रातून हा अन्याय उघड केला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरून कलकत्त्यास रुजू झाले, मात्र मुंबईचे पद त्यांना परत मिळाले नाही. १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते यूरोपात परतले.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. लोझॅन (स्वित्झर्लंड) येथे ते निधन पावले.